आपण स्वतःला फसवतो आहोत, हे ओळखावे कसे?

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागाईतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४६, बाग अडीच एकर, आणि गेल्या पाच हंगामांपैकी चार तोट्यात गेलेले. दर वर्षी मार्चमध्ये खुडा, म्हणजे द्राक्षांची काढणी, संपली की ते बाग तोडायचे ठरवतात आणि एप्रिल उजाडला की खरड छाटणीसाठी, म्हणजे काढणीनंतरच्या मोठ्या छाटणीसाठी, मजूर सांगून येतात. तोट्याची कारणे त्यांनी सविस्तर दिली आहेत : एका वर्षी टाळेबंदी, एका वर्षी ऑक्टोबरचा पाऊस, एका वर्षी व्यापाऱ्याने पैसे बुडवले, एका वर्षी थंडीने मणी तडकले. पत्नीचे म्हणणे असे की, तुम्ही स्वतःलाच फसवत आहात. शेवटी ते विचारतात, ‘रात्र रात्र जागून मी मनाला विचारतो आणि प्रत्येक वेळी मला माझेच पटते. मग मी स्वतःशी प्रामाणिक आहे की नाही, हे मला कळणार कसे? की माणसाचा स्वभावच असा असतो?’

प्रश्न बागेचा दिसत असला तरी त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बाग ठेवावी की तोडावी, हा पहिला. बाग ठेवण्याची जी कारणे मी स्वतःला सांगतो तीच माझी खरी कारणे आहेत का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी देऊ शकत नाही आणि देऊही नये. ते बागेच्या वयावर, वाणावर, विहिरीच्या पाण्यावर, मंडप आणि ठिबक अजून किती वर्षे टिकेल यावर, कर्ज सोसायटीचे आहे की सावकाराचे यावर आणि घरात दुसरे उत्पन्न आहे की नाही यावर अवलंबून आहे. त्यासाठी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मार्गदर्शन आहे, तालुक्यातले कृषी अधिकारी आहेत, हिशेब समजणारा एखादा जाणता नातेवाईक आहे. मी नाशिकमध्ये अनेक वर्षे समुपदेशन करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, कॉलेज रोडच्या क्लासेसमधली मुले आणि द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यातली कुटुंबे माझ्याकडे येतात. या सर्वांच्या अडचणी निराळ्या असल्या तरी तुमचा दुसरा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात प्रत्येकाजवळ असतो, म्हणून त्याबद्दल लिहिते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोटा होत असताना बाग ठेवणे म्हणजे आत्मवंचना, असे मी मानत नाही. एखादा माणूस जर सरळ म्हणाला की, ‘ही बाग वडिलांनी लावली, ती माझ्या हाताने तोडवत नाही, आणि त्यापायी वर्षाला लाखभर रुपये गमवायची माझी तयारी आहे’, तर त्याचा निर्णय कोणाला पटो न पटो, तो स्वतःशी पूर्ण प्रामाणिक आहे. उलट, बाग तोडणारा माणूसही स्वतःला फसवत असू शकतो. भावाच्या बोलण्याचा राग म्हणून बाग तोडायची आणि ‘बाजाराचा अभ्यास करून निर्णय घेतला’ असे सांगत फिरायचे, हेही मी पाहिले आहे. त्यामुळे तुमच्या पत्नीचे म्हणणे निर्णयाबद्दल आहे की कारणांबद्दल, हे एकदा त्यांना नीट विचारा. माझा अंदाज असा की, त्यांचे भांडण कारणांशी आहे.

आता रात्र रात्र मनाला विचारण्याविषयी. तुमच्या कष्टाबद्दल आदर ठेवूनच सांगते की, या कामासाठी हे साधन निरुपयोगी आहे. ‘स्वतःच्या मनाचे ऐका’ हा सल्ला आपल्याकडे व्याख्यानांतून फार उदारपणे वाटला जातो आणि मला तो कधीच पटलेला नाही, कारण मनाला विचारले की ते उत्तर देतेच. ते खरे असेलच, याची मात्र काही हमी नसते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एक साधा प्रयोग आहे. एका दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड मांडून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरीही सर्वांत जास्त लोकांनी अगदी उजवीकडचा जोड निवडला. का निवडला, असे विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, दर्जा अशी कारणे सांगितली. मांडणीतल्या जागेचा उल्लेख आपणहून कोणीही केला नाही, आणि तसे सुचवल्यावर जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. निवड कशाने झाली हे त्यांना आतून दिसतच नव्हते, आणि जे दिसत नव्हते त्या जागी मनाने एक शोभेसे कारण आणून बसवले होते. प्रत्येक रात्री तुम्हाला तुमचेच का पटते, याचे निम्मे उत्तर इथे आहे : विचारणारे तुम्ही, सांगणारे तुम्ही आणि पटवून घेणारेही तुम्हीच.

उरलेले निम्मे उत्तर बुडालेल्या पैशाचे आहे. जे गेले ते परत येणार नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना ते मोजू नये, हे वहीवर कोणालाही कळते. मन मात्र ते मोजतेच. हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये याचा एक सुंदर दाखला दिला. नाटकांच्या हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण किमतीत मिळाली, तर काहींना, कोणताही निकष न लावता, सवलतीत. नाटके तीच, प्रेक्षागृह तेच. पण हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना हजर राहिले. पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. म्हणजे ही खोड शेतकऱ्याची नाही, कमी शिकलेल्याची नाही आणि तुमची एकट्याची तर मुळीच नाही. माणसाचा स्वभावच असा असतो का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुतांशी होय’ असे आहे. फक्त त्या उत्तराचा आधार घेऊन हातपाय गाळून बसू नये.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला तोट्याच्या कारणांचा वाटला. ती चारही कारणे खरी आहेत. २०२० च्या मार्चमध्ये खुडा ऐन भरात असताना टाळेबंदी लागली आणि माल वेलीवर राहिला, हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले. पोंगा (नवे फुटवे) आणि फुलोऱ्याच्या काळात पाऊस आला की घडकुज आणि डाऊनी हा बुरशीचा रोग कसा पसरतो, हे तुम्ही मला शिकवावे. व्यापारी माल उचलून पसार झाल्याच्या तक्रारी पिंपळगाव काय, दिंडोरी काय, कुठेही ऐकायला मिळतात. आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी तर दर थंडीत वर्तमानपत्रात असते. लोकांना वाटते की स्वतःला फसवणारा माणूस स्वतःशी खोटे बोलतो. माझा अनुभव असा आहे की तो एकही वाक्य खोटे बोलत नाही. तो खरी वाक्ये निवडून घेतो आणि त्यांच्यावर ‘अपवाद’ असा शिक्का मारतो.

तो शिक्का जरा उचलून पाहा. टाळेबंदी हा खराखुरा अपवाद होता. तिच्यापायी झालेला तोटा बागेच्या नावावर लिहू नये, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस मात्र आता दर काही वर्षांनी येतोच, म्हणून तो अपवाद नसून जोखीम आहे आणि तिची किंमत खर्चात धरली पाहिजे. निफाडची थंडी तर अपवाद म्हणताच येणार नाही. तिथे द्राक्षे लावणे म्हणजे ती थंडी गृहीत धरूनच लावणे. राहिला व्यापारी. इथे मी तुम्हाला एक अप्रिय प्रश्न विचारते : त्या वर्षी रोख देणारा कमी भावाचा व्यापारी आणि उधारीवर जास्त भाव बोलणारा व्यापारी असे दोघेही दारात आले होते का? आले असतील, तर तो तोटा नशिबाचा कमी आणि निवडीचा अधिक होता. फसवणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे हलका होत नाही, पण पुढच्या वर्षी तुमच्या हातात काय आहे, ते त्यातून कळते. असे चार तोटे वेगवेगळे केले की एक अपवाद, दोन जोखमी आणि एक निवड उरते. ‘चार वर्षे नशिबाने मारले’ यापेक्षा हे चित्र बरेच निराळे आहे, आणि त्यासाठी तुम्हाला एकही खरी गोष्ट नाकारावी लागलेली नाही.

असेच एकदा दिंडोरीकडचे एक बागाईतदार हिशेबाची वही घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वही नीटनेटकी होती. मजुरी, शेणखत, रासायनिक खते, औषधे, डिपिंग (घड औषधात बुडवणे), ट्रॅक्टरचे डिझेल, सारे निळ्या शाईत तारीखवार लिहिलेले. बेरीज केली तर वर्ष अगदी काठावर सुटत होते. वही परत देताना शेवटचे पान उघडले गेले, आणि तिथे पेन्सिलीने कृषी सेवा केंद्राची उधारी लिहिलेली दिसली. रक्कम लहान नव्हती. ही खर्चात का नाही, असे विचारल्यावर ते सहज म्हणाले, ‘ते अजून द्यायचेत ना.’ त्यांनी काहीही लपवले नव्हते. वही माझ्यासमोर त्यांनीच ठेवली होती. जे दिलेले नाही ते झालेले नाही, असा एक कप्पा मनात तयार झाला होता एवढेच. पुढे बोलताना तसे आणखी दोन कप्पे निघाले. कर्जाचे व्याज कुठेच नव्हते, कारण ते ‘घरातून’ भरले जात होते. आणि बारावीनंतर घरी राहिलेल्या मुलाची वर्षभराची मेहनत शून्य रुपये धरलेली होती. मुलाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा घड्याळ पाहिले.

घड्याळ पाहिले, याची मी नोंद घेते. बहुतेक प्रश्नांना शांतपणे उत्तरे देणारा माणूस एखाद्याच प्रश्नावर चिडला, विषय बदलू लागला किंवा फोन काढून बसला, तर झाकलेली गोष्ट त्याच्या आसपास असण्याची शक्यता असते. हा पुरावा नव्हे. माणूस थकलेला असतो, किंवा प्रश्न खरोखरच अगोचरपणाचाही असतो. पण स्वतःपुरती ही खूण वापरण्यासारखी आहे. पत्नीच्या नेमक्या कोणत्या वाक्यावर तुमचा आवाज चढतो, ते आठवून पाहा.

त्या बागाईतदारांच्या बाबतीत पुढे जे बाहेर आले ते पैशाचे नव्हतेच. गावात ‘बागाईतदार’ म्हणून असलेली ओळख, मुलाच्या लग्नाची बोलणी, आणि ‘त्यांनी बाग तोडली’ हे वाक्य पारावर कसे उच्चारले जाईल याची धास्ती, हे बाग ठेवण्याचे खरे कारण होते. हे कारण हलके नाही. आपल्याकडे सोयरीक जमवताना सात-बारा पाहतात आणि बाग उभी आहे का तेही पाहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कारण एकदा स्वच्छ मांडले की त्यावर विचार करता येतो : प्रतिष्ठेसाठी बाग हवी असेल, तर ती सगळीच हवी का, की एक एकर पुरेल? चांगल्या बाजारभावाच्या आशेआड हे कारण दडून राहिले असते, तर असा प्रश्न सुचलाही नसता.

इथपर्यंतचा मुद्दा असा : मनात डोकावून खरी कारणे हाती लागत नाहीत, हाती लागतात ती बहुधा सोयीची असतात, आणि ती खरीही असल्यामुळे त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घालून जिंकता येत नाही. म्हणून मी लोकांना मनाचा नाद काही काळ सोडायला सांगते आणि मनाबाहेरच्या तीन गोष्टींकडे वळवते.

पहिली गोष्ट म्हणजे निकाल लागण्याआधी लिहिलेला कागद. ‘आधी’ या अटीवर माझा फार भर आहे, कारण निकाल कळल्यावर आपली आठवण तो निकाल पाहून बदलते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज आधी घेतले, आणि दौऱ्यांनंतर तेच अंदाज त्यांना आठवायला सांगितले. जे खरोखर घडले होते, त्याला आपण आधीपासूनच जास्त शक्यता दिली होती, असे अनेकांना आठवले. कागदावर मात्र तसे नव्हते. तुमच्या बाबतीत कागदावर चार गोष्टी याव्यात : येत्या हंगामाचा एकरी खर्च (उधारी, व्याज आणि घरच्यांची मजुरी धरून), अपेक्षित उत्पादन, अपेक्षित भाव, आणि कोणता आकडा आला तर बाग ठेवणार नाही. भाव लिहिताना गेल्या पाच वर्षांची सरासरी घ्या, चांगल्या वर्षाचा भाव घेऊ नका. चौथी गोष्ट लिहिताना हात अडखळेल. ‘परिस्थिती पाहून ठरवू’ असे लिहावेसे वाटेल. ते लिहिलेत तर कागदाचा उपयोग संपला, कारण परिस्थिती पाहणारे डोळे तुमचेच असणार आहेत. खाली तारीख घाला आणि कागद पत्नीच्या कपाटात ठेवायला द्या.

क्लासेसमधल्या मुलांच्या बाबतीत हेच काम मोबाइल करतो. ‘रोज नऊ तास अभ्यास होतो’ असे मनापासून सांगणाऱ्या मुलाला मी फोनमधली वापराच्या वेळेची नोंद फक्त उघडायला सांगते. पुढे मला बोलावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले प्रकरण दुसऱ्याचे करून पाहणे. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे आढळले की, जोडीदाराने फसवल्याचा प्रसंग मित्रावर आला आहे असे समजून विचार करणाऱ्यांची विचारशक्ती, तोच प्रसंग स्वतःवर आला आहे असे समजणाऱ्यांपेक्षा अधिक समंजस होती. आणि स्वतःच्या प्रश्नाकडे परक्यासारखे अंतर राखून पाहायला सांगितल्यावर हा फरक नाहीसा झाला. माझ्याकडे याची घरगुती रीत आहे. तुमची पाच वर्षांची जमाखर्चाची आकडेवारी एका कोऱ्या कागदावर उतरवा, वर तुमच्या साडूंचे नाव घाला, आणि हे साडू तुमच्याकडे दोन लाख रुपये हातउसने मागायला आले आहेत असे समजून तो कागद वाचा. पैसे देताना त्यांना काय काय विचाराल, ते लिहून काढा. साडूंना माणूस सहसा सूट देत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमची पत्नी. त्यांना न्यायाधीश करू नका. त्यांनाही थकवा आहे, त्यांचाही काही हेतू असेल, आणि त्यांचेही चुकू शकते. पण एका बाबतीत त्या तुमच्यापेक्षा सरस आहेत : तुम्हाला तुमचे इरादे दिसतात, त्यांना तुमचे वागणे दिसते. म्हणून ‘माझे चुकते आहे का?’ असे विचारू नका. त्यातून फक्त भांडण होईल. ‘मी यंदा जी वाक्ये बोलतो आहे, त्यांतली कोणती तू मागच्या वर्षीही ऐकली होतीस?’ असे विचारा, आणि त्या बोलत असताना मधे न बोलता ती लिहून घ्या. असे विचारलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीने सात वाक्ये सांगितली, आणि त्यांतले ‘यंदा माल लवकर आहे, भाव सापडणारच’ हे वाक्य, त्या गृहस्थांच्याच म्हणण्यानुसार, त्यांनी त्याच सकाळी फोनवर कोणाला तरी ऐकवले होते.

एक सावधगिरीची सूचना मात्र आवर्जून द्यायला हवी. स्वतःशी प्रामाणिक व्हायचे म्हणून काही माणसे स्वतःला झोडपायला लागतात. ‘मीच नालायक, माझ्यामुळे घर बुडाले’ हे वाक्य कठोर आहे म्हणून ते खरे आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तीही फसवणूकच असते, फक्त उलट बाजूची, आणि ती जास्त धोकादायक असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झाली, तिचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो : मोजमाप कृतीचे करावे, माणसाचे करू नये. उधारी खर्चात धरली नाही ही चूक आहे. ती सुधारता येते. ‘मी नालायक’ यात सुधारण्यासारखे काही उरतच नाही. रात्र रात्र जागणे तुम्ही सहज लिहिले आहे, म्हणून विचारते : झोप, भूक आणि कामातला रस गेल्या काही आठवड्यांत कमी झाला आहे का? जगण्याचा कंटाळा येतो का? यांपैकी काही असेल, तर हिशेबाचा कागद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. खचलेल्या मनाने केलेला हिशेब, आशेने केलेल्या हिशेबाइतकाच चुकतो.

हे सर्व करूनही आकडा मधोमध पडेल, अशी बरीच शक्यता आहे. बाग तोडावी इतका वाईट नाही आणि ठेवावी इतका चांगला नाही. तसे झाले तर पुन्हा मनाकडे कौल मागायला जाऊ नका. अडीच एकरांतला सर्वांत जुना किंवा सर्वांत कमी माल देणारा प्लॉट कोणता, हे तुम्हाला विचार न करताही ठाऊक असेल. तेवढा काढायचा का, एवढाच प्रश्न त्या वर्षापुरता ठेवा. उरलेल्या बागेसाठी कागदावरचा आकडा तोच राहू द्या.

वेळेबद्दल एकच सांगते. कागद खरड छाटणीच्या आधी लिहा, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळीला उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देण्याच्याही आधी लिहा. उचल एकदा दिली की ती परत मिळणार नाही म्हणून छाटणी करावीच लागली, असे आणखी एक अगदी खरे कारण तुमच्याजवळ तयार असेल.